नऊ ते बाराचं फूल

सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी बाराच्या नंतर घरी पाहुणा आलेला काकूंना चालत नसे. फोनवर कुणी संध्याकाळी येतो म्हणालं, तर त्या सरळ सांगायच्या, "संध्याकाळी कशाला? फुलं मिटलेली असतात." समोरच्याला वाटायचं आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. तो पुन्हा विचारायचा. काकू पुन्हा तेच सांगायच्या, फक्त जरा सावकाश, ऑपरेशननंतर शुद्धीवर येणाऱ्या पेशंटशी बोलावं तशा.

सिंगापुरात टॅम्पिनीसमधल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मी अडीच वर्षं एका खोलीत राहिले. पुण्यात वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करून मी इथल्या विद्यापीठात पोस्टडॉक म्हणून आले होते. विद्यापीठ बेटाच्या पार पश्चिमेला, काकूंचं घर पूर्वेला. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसून रोज अख्खा देश ओलांडावा लागायचा. पण मराठी घर मिळतंय म्हटल्यावर आई इतकी खूश झाली की अंतराचा मुद्दा तिने निकालात काढला. मराठी मंडळींच्या ग्रुपवर काकूंनी टाकलेली जाहिरात मला अजून पाठ आहे: "खोली देणे आहे. शाकाहारी चालेल, मांसाहारी चालेल. नऊपर्यंत लोळणारी चालणार नाही."

काकू मूळच्या कऱ्हाडजवळच्या एका खेड्यातल्या. त्यांचे यजमान तुआसला जहाजदुरुस्तीच्या गोदीत इंजिनियर होते आणि स्वतः काकू नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन थिएटरच्या नर्स. काका जाऊन पाच वर्षं झाली होती, नोकरी सोडूनही तेवढीच. पण थिएटर काही त्यांच्यातून गेलं नव्हतं. पेशंटचं पोट शिवायच्या आधी आत वापरलेला प्रत्येक बोळा, प्रत्येक चिमटा मोजून बाहेर आला की नाही हे बघायचं काम त्यांनी आयुष्यभर केलेलं. त्यामुळे जेवणं झाली, भांडी घासून झाली की ओट्यापाशी उभ्या राहून त्या चमचे मोजायच्या. मोठ्याने. बावीस चमचे, नऊ वाट्या, चार उलथनी. मग "काउंट करेक्ट" म्हणून स्वयंपाकघराचा दिवा मालवायच्या. एकदा माझ्या डब्यातला एक चमचा लॅबमध्ये राहिला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी गाडीत असताना त्यांनी मला फोन करून विचारलं, "कुठल्या टेबलावर?" मी म्हटलं, आणते संध्याकाळी. त्या म्हणाल्या, "आण. तोवर मी उघडंच ठेवते." काय उघडं ठेवणार होत्या ते मी विचारलं नाही.

डब्यांवर, बरण्यांवर, रिमोटवरसुद्धा दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी आणि तीवर बॉलपेनने नाव, तारीख. हीच चिकटपट्टी आइस्क्रीमच्या काड्यांना लावून त्यांनी कुंड्यांतही रोवली होती. बाहेरच्या सामाईक कॉरिडॉरमध्ये कठड्याला लागून चौदा कुंड्या होत्या आणि चौदाही कुंड्यांत एकच झाड. गुडघ्याएवढं, करवती कडांच्या पानांचं. साधारण नऊच्या सुमारास त्यावर फिक्या लोणी रंगाची पाच पाकळ्यांची फुलं उमलायची, मध्यभागी गडद जांभळा डोळा. बारा वाजले की छत्री मिटावी तशी मिटायची. मिटलेलं फूल पुन्हा उमलत नाही. दुसऱ्या दिवशी नवी पाळी, नवी फुलं. सिंगापुरात हे झाड रस्त्याकडेला, गटाराच्या भेगेत, बागेत, कुठेही दिसतं आणि सगळे त्याला बटरकप म्हणतात. उशिरा येऊन लवकर जातं म्हणून काही लोक त्याला पुढाऱ्याचं फूलही म्हणतात. काकूंना हे नाव मुळीच पसंत नव्हतं. त्यांचं म्हणणं, ही शिफ्ट ड्यूटी आहे, आणि शिफ्टमध्ये कुणी ढिलाई करत नाही.

खाली इमारतीच्या मागे, पावसाच्या पाण्याच्या नाल्याला लागून गवताची एक पट्टी होती, तिथेही हे झाड आपोआप माजलं होतं. दर दोन-तीन आठवड्यांनी गवत कापणारे कामगार पाठीवर मशीन बांधून यायचे. मशीनचा आवाज आला की काकू लाल प्लास्टिकचं स्टूल घेऊन खाली जायच्या आणि पट्टीच्या मधोमध बसायच्या. मशीन जवळ आलं की हाताने कामगाराला खाली बसायला सांगायच्या, फुलाचं नाव सांगायच्या, त्याला म्हणायला लावायच्या, आणि मग म्हणायच्या की आता कापायचं असेल तर काप. "उपटायचंय तर उपटावं, पण आधी नाव विचारावं," हे त्यांचं ब्रीद. तमिळनाडूहून आलेला तो माणूस बिचारा बटरकप, बटरकप असं दोनदा म्हणून मशीन उलट्या बाजूला वळवायचा. होता होता ती पट्टी न कापायचा रिवाजच पडला.

समोरच्या फ्लॅटमधल्या चिनी अंकलशी मात्र त्यांचं जमत नसे. अंकल निवृत्त बसचालक, मिरच्यांच्या कुंड्यांचा त्यांना भारी अभिमान. या झाडाच्या बीला मुंग्यांना आवडणारा एक खाऊ चिकटलेला असतो, त्यासाठी मुंग्या बी ओढून नेतात आणि खाऊ खाऊन बी तिथेच टाकतात. त्या टाकायच्या अंकलच्या मिरच्यांत. आठवड्यातून एकदा दार वाजायचं आणि अंकल चिमटीत एक रोपटं धरून उभे असायचे. काकू म्हणायच्या, मी नाही लावलं, मुंग्यांनी नेलं. अंकल शांतपणे सिंगापुरी इंग्रजीत उत्तर द्यायचे, "अँट्स ऑल्सो युअर्स, लाह." काकू ते रोपटं घेऊन रिकाम्या डब्यात लावायच्या. कुंड्या चौदा झाल्या त्या अशाच.

आता माझ्या हातून घडलेला गुन्हा सांगते.

मी राहायला आल्याच्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. काकू पोहे परतत होत्या आणि मी वनस्पतिशास्त्राची म्हणून त्या मला बटरकपचं कौतुक ऐकवत होत्या. मी नवीन होते, डॉक्टरेट ताजी होती. मी म्हटलं, काकू, इथे नाव तसं पडलंय, पण हा काही खरा बटरकप नव्हे. हे मूळचं अमेरिका खंडातलं झाड, कृष्णकमळाच्या कुळातलं. खरा बटरकप थंड प्रदेशात उगवतो, पिवळाजर्द असतो, आणि त्याचं कुळ वेगळं. आपली लोणच्यातली कलौंजी, सह्याद्रीतली मोरवेल, ही त्याची भावंडं.

काकूंनी गॅस बंद केला. पोहे अर्धवटच राहिले. नंतरचे चार दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. चमचे मोजले, पण मनातल्या मनात.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी मला टेबलाशी बसवलं आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा पुढे ठेवला. त्यांच्या शाळेत इंग्रजीच्या पुस्तकात एक कविता होती, तिच्यात बटरकप यायचा. सरांना विचारलं, ते कसं दिसतं? सरांनी कुठे पाहिला असणार? ते म्हणाले, बटर म्हणजे लोणी, कप म्हणजे वाटी, लोण्याची वाटी, परीक्षेत येणार नाही, पुढे चला. काकू पुढे गेल्या, पण वाटी डोक्यात राहिली. लग्न होऊन सिंगापुरात आल्या तेव्हा त्यांना ना इथली भाषा यायची ना कुणी ओळखीचं होतं. काका दिवसभर गोदीत. एक दिवस जिन्याजवळ हे फूल दिसलं आणि शेजारच्या मलय बाईने नाव सांगितलं: बटरकप. काकू म्हणाल्या, "मी तिथेच जिन्यात बसले. वाटलं, या गावात एक तरी ओळखीचं निघालं."

त्यांनी ते फूल वहीत दाबून वाळवलं आणि सरांना पाठवलं. सरांचं उत्तर त्या डब्यात होतं, पिवळं पडलेलं पोस्टकार्ड. लिहिलं होतं की फूल पुठ्ठ्यावर चिकटवून वर्गात लावलं आहे, खाली नाव आणि तुझंही नाव लिहिलं आहे, आता दर वर्षी मुलांना दाखवतो.

"म्हणजे बघ," काकू म्हणाल्या, "इतकी वर्षं माझा काउंट चुकला. आणि माझ्यामुळे अख्ख्या शाळेचा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी सावरायला हवं म्हणून मी म्हटलं, हे फूलही काही कमी नाही, कृष्णकमळाचं नातलग आहे. त्यांनी हात हलवून ते बाजूला सारलं आणि विचारलं, मग खरा कुठे बघायला मिळतो? मी सांगायला लागले: युरोपात सगळीकडे, आपल्याकडे हिमालयात काही जाती. शिवाय गोऱ्यांनी नेला तिथे तिथे तण म्हणून पसरलाय. न्यूझीलंडमध्ये तर शेतकरी त्याच्या नावाने बोटं मोडतात, कारण नावात लोणी असलं तरी झाड तिखट असतं, गायी त्याला तोंड लावत नाहीत.

"न्यूझीलंडमध्ये," काकू म्हणाल्या, आणि पोस्टकार्ड ठेवून त्यांनी डब्याला झाकण लावलं.

काकूंचा एकुलता एक मुलगा न्यूझीलंडमध्ये होता. त्याच्याबद्दल त्या फारसं बोलत नसत, मला जे कळलं ते तुकड्या-तुकड्यांनी. काका गेल्यानंतर त्याने आईला कायमचं तिकडे न्यायचं ठरवलं, फ्लॅट विकायचं ठरवलं, सगळं तिला न विचारता. काकू नाही म्हणाल्या. तो संतापून बोलून गेला की तुला माझ्यापेक्षा ते गवत जास्त आहे. काकू म्हणाल्या, हो, आहे. गवत मला विचारल्याशिवाय माझं घर विकत नाही. पुढच्याच वर्षी त्याला मुलगी झाली. ती आता चार वर्षांची होती आणि काकूंनी तिला फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं होतं. दर रविवारी साडेनऊला फोन यायचा. जेवलीस का, गोळ्या घेतेस का, तिकडे थंडी आहे का. दोन मिनिटं, कधी तीन. फोन ठेवल्यावर काकू कुंड्यांतलं एखादं पिवळं पान उगाच खुडत बसायच्या.

त्या रविवारी मी बाहेरच्या खोलीत इस्त्री करत होते. फोन आला, जेवणखाण विचारून झालं. मग काकूंनी विचारलं, तुझ्या अंगणात बटरकप आहे का? ते काय, त्याने विचारलं. काकूंनी मी सांगितलेलं वर्णन घडाघडा म्हणून दाखवलं: पाच पाकळ्या, पिवळ्याजर्द, तेल लावल्यासारख्या चकचकीत, जमिनीलगत पसरणारं झाड. मुलगा म्हणाला, ते होय, त्याने तर माझं अख्खं लॉन खाल्लंय; औषध आणून ठेवलंय, शनिवारी फवारून टाकतो.

काकू उभ्या राहिल्या. "हात लावू नकोस," त्या म्हणाल्या. "मी येतेय." आणि फोन ठेवला.

पाच मिनिटांनी माझा फोन वाजला. मुलाने माझा नंबर भाडेकरू म्हणून घेऊन ठेवला होता. त्याने अतिशय हळू आवाजात मला विचारलं की आईला कुठे पडायला-बिडायला झालं आहे का, डोक्याला मार वगैरे. मी म्हटलं, नाही, त्या कपाटावरची बॅग काढतायत.

दहाव्या दिवशी त्या विमानात बसल्या. मागे माझ्यासाठी सहा पानी सूचना होत्या, प्रत्येक पान चिकटपट्टीने फ्रिजला लावलेलं. कुंड्यांना पाणी किती, चमचे रोज मोजणे, अंकल आले तर रोपटं मुकाट घेणे. अंकल आलेच नाहीत. पंधरा दिवसांनी मीच चिंता वाटून चौकशी केली तेव्हा कळलं, रोपटी निघत होती, पण भांडायला माणूस नसताना दार वाजवण्यात काय अर्थ, म्हणून त्यांनी ती स्वतःकडेच एका टबात लावून ठेवली होती.

तिकडे पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंचा व्हिडिओ कॉल आला. मी लॅबमध्ये होते, हातमोजे काढून घेतला. पडद्यावर आधी नुसतं आकाश, मग एक कान, मग गवत. आणि मग सगळीकडे पिवळं. मी पुस्तकं वाचलेली, वनस्पतिसंग्रहातले वाळवलेले नमुने हाताळलेले. पण खरं सांगते, जिवंत बटरकपाने भरलेलं अंगण मीही तेव्हा पहिल्यांदाच पाहत होते. उन्हात त्या पाकळ्या रोगण लावल्यासारख्या चमकत होत्या. काकू गवतात फतकल मारून बसल्या होत्या, साडीवर मुलाचं जाडजूड जाकीट, पायात त्याचेच मोजे.

मी विचारलं, कसा वाटला? त्यांनी फार विचार करून निकाल दिला. रंग उत्तम, तब्येत उत्तम. पण दुपारचे अडीच वाजले तरी सताड उघडा. "शिस्त नाही," त्या म्हणाल्या. "पण असू दे. खरा आहे."

तेवढ्यात एक लहान हात मध्ये आला आणि नातीचा चेहरा दिसला. तिच्या बालवाडीत शिकवलेला एक खेळ ती आजीला दाखवत होती. बटरकपचं फूल हनुवटीखाली धरायचं. हनुवटी पिवळी दिसली तर तुला लोणी आवडतं. काकूंनी हनुवटी वर केली. नातीने फूल धरून डोळे बारीक करून तपासलं आणि इंग्रजीत जाहीर केलं की आजीला लोणी खूप आवडतं. मग काकूंनी फूल घेतलं आणि तिची हनुवटी तपासली. त्यानंतर फोन गवतात पडला असावा, कारण मला बराच वेळ फक्त ढग दिसत होते आणि दोघींचं हसणं ऐकू येत होतं. मी फोन बंद केला नाही. माझी विद्यार्थिनी दारातून काहीतरी विचारायला आली, तिलाही मी थांब म्हटलं.

महिन्याभराने मुलाचा पुन्हा फोन आला. कुंड्यांची विचारपूस करायला, असं म्हणाला. मी चौदाच्या चौदा ठीक आहेत म्हणून सांगितलं, तरी तो फोन ठेवेना. शेवटी म्हणाला, आईने लॉनचा अर्धा भाग दोरी बांधून राखून ठेवलाय आणि मी मशीन घेऊन गेलो की ती स्टूल टाकून बसते. मी म्हटलं, तुम्हाला नाव म्हणायला लावतात का? तो हसला, हो म्हणाला. मग म्हणाला, "मी तिला घर दाखवत होतो, तिची खोली दाखवत होतो, हीटर दाखवत होतो. गवत दाखवायचं मला सुचलंच नाही."

त्यांच्या चुकलेल्या काउंटचंही काकूंनी तिथूनच बघितलं. कऱ्हाडजवळच्या त्या शाळेच्या मुख्याध्यापिकांचा नंबर कुणाकुणाकडून मिळवला आणि त्यांना खऱ्या बटरकपचे अकरा फोटो पाठवले, सोबत दीड पानांचं माफीपत्र. सर कधीच वारले होते. मुख्याध्यापिका तिशीतल्या, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पण त्यांनी प्रयोगशाळेतलं कपाट शोधलं आणि पुठ्ठा सापडला. फूल केव्हाच गळून गेलं होतं, डिंकाचा डाग आणि खाली दोन नावं तेवढी उरली होती. त्यांनी कळवलं की डागापाशी तुम्ही पाठवलेला एक फोटो लावते, त्यात माफी मागण्यासारखं काही नाही. काकूंनी तो निरोप मला पाठवला आणि खाली लिहिलं: काउंट करेक्ट.

पावणेतीन महिन्यांनी त्या परत आल्या. मी चांगी विमानतळावर घ्यायला गेले. मुक्कामात त्यांनी वजन वाढवलं होतं आणि नातीची लोकरी टोपी सिंगापूरच्या उकाड्यात डोक्यावर तशीच होती. टॅक्सी नको म्हणाल्या, आपण एमआरटीनेच जाऊ. ताना मेराला गाडी बदलली तोवर मला नातीचे दात, नातीचे बूट, नातीची शाळा, नातीला येणारं अडखळतं मराठी, सगळं सांगून झालं होतं. आता दर वर्षी तीन महिने तिकडे, नऊ महिने इकडे, असं मायलेकांचं ठरलं होतं, आणि ठरवताना त्याने विचारलं होतं. फुलाचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. माझ्या ते लक्षात आलं, पण मी आठवण करून दिली नाही.

निघताना नातीने आयुष्यातलं पहिलं पूर्ण मराठी वाक्य म्हटलं होतं: "आजी, तू गेलीस तर मी रुसेन." ते काकूंनी मला दोनदा म्हणून दाखवलं, तिसऱ्यांदा जरा मोठ्याने. शेजारच्या सीटवर एक चिनी बाई मांडीवर भाजीची पिशवी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी हसून इंग्रजीत विचारलं, हे सारखं काय म्हणताय?

काकू नातीचं वाक्य इंग्रजीत सांगायला गेल्या आणि अडल्या. रुसणं याला शब्द मिळेना. सिमेई स्टेशन आलं, गेलं. मग त्यांनी समजावलं, की हे रागावणं नव्हे. रागावणं वेगळं. यात रागावून बसायचं खरं, पण दाराकडे डोळे लावून. ज्याच्यावर रागावलो तो येऊन विचारील म्हणून.

बाईंनी मान डोलावली. त्यांना बरोबर समजलं होतं. मग त्यांनी विचारलं, आणि तो आलाच नाही तर?

काकूंनी टोपी काढून मांडीवर ठेवली, तिची लोकर हाताने सारखी केली.

"मग आपण जायचं," त्या म्हणाल्या. "तिकीट काढून."